जोडणीच्या क्षणी थिजणारा संगणक : घरगुती इंटरनेटच्या पहिल्या दशकातील दुरुस्तीविद्येचा इतिहास

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या शहरांत इंटरनेट सेवा सर्वसामान्य ग्राहकांसाठी खुली केली आणि त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, २४ ऑगस्टला, मायक्रोसॉफ्टची विंडोज ९५ ही प्रणाली बाजारात आली. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. परंतु पुढील दहा वर्षांत महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गाने घरात संगणक आणून तो दूरध्वनीच्या तारेला जोडला, तेव्हा त्याच्या वाट्याला आलेल्या अडचणींची पाळेमुळे मुख्यतः या दोन गोष्टींच्या भेटीत होती. त्या अडचणींपैकी सर्वांत हैराण करणारी अडचण एकाच ठरावीक क्षणी उद्भवत असे. एरवी पत्रे टंकणारा, हिशेब करणारा, मुलांचे खेळ चालवणारा संगणक इंटरनेटशी जोडणी सुरू करताच जागच्या जागी थिजायचा, पडद्यावरचा बाण हलेनासा व्हायचा, कळफलक दाद द्यायचा नाही आणि मोडेमची किरकिर मात्र कधीकधी तशीच चालू राहायची. घरोघरी याला ‘पीसी हँग झाला’ असे म्हणत, आणि वीज बंद करून पुन्हा चालू करणे एवढाच उपाय घरातल्या माणसांच्या हाती असे.

हा बिघाड नेमका जोडणीच्याच क्षणी का होत असे, हे समजण्यासाठी आयबीएमच्या १९८१ सालच्या पहिल्या ‘पर्सनल कॉम्प्युटर’पर्यंत मागे जावे लागते, कारण त्या यंत्रासाठी घेतलेले काही निर्णय पुढे जवळजवळ वीस वर्षे प्रत्येक घरगुती संगणकात टिकून राहिले. संगणकाचा प्रोसेसर एखाद्या कामात गढलेला असताना माउस, कळफलक, डिस्क किंवा मोडेम यांना त्याचे लक्ष वेधून घ्यायचे असेल, तर ते एका स्वतंत्र तारेवरून त्याला इशारा देतात; या इशाऱ्याला ‘इंटरप्ट’ म्हणतात आणि त्या तारांना जे क्रमांक दिलेले असतात ते ‘आयआरक्यू’ या नावाने ओळखले जातात. १९८१ च्या यंत्रात अशा केवळ आठ तारा होत्या. १९८४ च्या ‘एटी’ या सुधारित यंत्रात आणखी आठ तारांची भर पडली. परंतु नवा संच जुन्याच्याच एका तारेला जोडावा लागल्यामुळे प्रत्यक्षात पंधराच वापरण्याजोग्या उरल्या. त्यांतील घड्याळ, कळफलक, फ्लॉपी, हार्ड डिस्क आणि प्रिंटर यांच्या वाट्याच्या तारा वजा केल्या, तर नव्याने येणाऱ्या उपकरणांसाठी फारच थोडी जागा शिल्लक राहत असे, आणि ही तंगी पुढे येणाऱ्या ध्वनिकार्ड, मोडेम व नेटवर्क कार्डांना फार जाणवली.

मोडेम म्हणजे संगणकाच्या अंकीय संदेशाचे दूरध्वनीच्या तारेवरून जाऊ शकणाऱ्या ध्वनीत आणि त्या ध्वनीचे पुन्हा अंकांत रूपांतर करणारे उपकरण. ते संगणकाशी ज्या द्वारातून बोलत असे, त्याला ‘सीरियल पोर्ट’ म्हणत आणि अशी चार द्वारे ‘कॉम १’ ते ‘कॉम ४’ या नावांनी ठरलेली होती. मेख अशी होती की या चार द्वारांसाठी इशाऱ्याच्या तारा दोनच होत्या. ‘कॉम १’ आणि ‘कॉम ३’ या दोघांना चार क्रमांकाची, तर ‘कॉम २’ आणि ‘कॉम ४’ या दोघांना तीन क्रमांकाची तार सामायिक दिलेली होती. त्या काळच्या ‘आयसा’ पद्धतीच्या खाचांमध्ये एकच तार दोन उपकरणांनी एकाच वेळी वापरण्याची सोय नव्हती, त्यामुळे दोन वेगळ्या दारांच्या घंटा एकाच ठिकाणी वाजाव्यात आणि कोण आले हे आतल्या माणसाला कळू नये, तशी प्रोसेसरची अवस्था होई. नव्वदीच्या दशकातील बहुतेक घरगुती संगणकांचा माउस ‘कॉम १’वर असे, आणि आत बसवलेले मोडेम कार्ड कारखान्यातून ‘कॉम ३’वर जुळवून आलेले असले, तर जोपर्यंत मोडेम झोपलेला आहे तोपर्यंत सारे सुरळीत चाले, मोडेमने क्रमांक फिरवायला घेतला की त्याच क्षणी माउस मरून पडे आणि पुष्कळदा त्याच्यासोबत सगळे यंत्रच अडकून बसे. मोडेम ‘कॉम ४’वर नेला तर दुसरेच संकट उभे राही, कारण त्या द्वाराचा पत्ता आणि एस३ कंपनीच्या लोकप्रिय चित्रकार्डांनी वापरलेला पत्ता एकमेकांवर आदळत आणि मग माउसऐवजी पडदाच गोठे.

म्हणजे दोष जोडणीत नव्हता, तो संगणक जुळवला गेला त्या दिवसापासूनच आत दडलेला होता. पत्र टंकताना किंवा पत्त्यांचा डाव मांडताना यंत्राचे सगळे भाग एकदम कामाला लागत नाहीत. माउस, चित्रकार्ड, डिस्क, मोडेम आणि दूरध्वनीची तार या सर्वांना एकाच वेळी जागे करणारा प्रसंग घरगुती संगणकाच्या दिनक्रमात एकच होता आणि तो म्हणजे इंटरनेटची जोडणी. जोडणीच्या वेळी होणारा बिघाड म्हणजे साऱ्या जुळवणीची परीक्षा होती, ही गोष्ट त्या काळच्या चांगल्या कारागिरांनी फार लवकर ओळखली, आणि त्यांच्या कामाची पद्धत याच जाणिवेतून घडली.

मुंबईत या कारागिरीचे केंद्र लॅमिंग्टन रोड हे होते. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा आणि पुढे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे अधिकृत नाव मिळालेला हा रस्ता संगणक येण्यापूर्वीपासूनच रेडिओ, ध्वनिवर्धक आणि इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची बाजारपेठ म्हणून प्रसिद्ध होता, त्यामुळे संगणकाचे सुटे भाग येऊ लागल्यावर त्यांना तयार दुकाने, तयार गिऱ्हाईक आणि हातात डाग देण्याचे हत्यार असलेले तयार कारागीर मिळाले. मोठ्या कंपन्यांचे संगणक महाग असल्याने घरगुती गिऱ्हाईक बहुधा ‘असेंबल्ड’, म्हणजे निरनिराळ्या उत्पादकांचे भाग आणून दुकानात जुळवलेला संगणक घेत असे. अशा यंत्राचे मदरबोर्ड एकाचे, मोडेम दुसऱ्याचे आणि ध्वनिकार्ड तिसऱ्याचे असल्यामुळे हे तिन्ही एकत्र नांदतात की नाही हे कोणत्याही कारखान्यात तपासलेले नसे. ती तपासणी अखेर गिऱ्हाइकाच्या घरीच होई आणि तिची जबाबदारी ‘हार्डवेअरवाला’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसावर पडे. या माणसांपैकी अनेकजण इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतलेले किंवा दूरचित्रवाणी संच दुरुस्त करण्यातून इकडे वळलेले होते, आणि त्यांची विद्या पुस्तकांतून कमी व एकमेकांच्या सांगण्यातून अधिक पसरत गेली.

त्यांच्या तपासाची पहिली पायरी इतकी साधी होती की तिचे महत्त्व सहज नजरेतून सुटते. मोडेममधून दूरध्वनीची तार काढून ठेवायची आणि तशीच जोडणी करून पाहायची. संगणकाने ‘डायल टोन नाही’ असा संदेश नीट दिला आणि तो पूर्वीसारखा चालत राहिला, तर मोडेम आणि संगणक यांचे आपसात जमते आहे आणि दोष तारेत, एक्स्चेंजमध्ये किंवा त्यापुढे आहे, असे समजायचे. तार नसतानाही यंत्र थिजले, तर दोष घराच्या आत, किंबहुना पेटीच्या आत आहे, हे निश्चित होई. एका मिनिटाच्या या चाचणीने शोधाचे क्षेत्र निम्म्याने कमी होत असे, आणि निदानशास्त्र म्हणून पाहिले तर तिच्याइतकी शुद्ध चाचणी या साऱ्या इतिहासात दुसरी सापडत नाही. दोष आत आहे असे ठरल्यावर पेटी उघडून चित्रकार्ड वगळता सर्व कार्डे काढायची, संगणक चालू करून पाहायचा, मग मोडेम एकटाच बसवायचा, मग ध्वनिकार्ड, आणि ज्या कार्डाबरोबर बिघाड परतेल त्याच्यापाशी थांबायचे, असा क्रम असे. मोडेम कार्डावर उभ्या सुयांच्या जोड्या असत आणि त्यांवर बसवायची प्लास्टिकची इवलीशी टोपी, जिला ‘जंपर’ म्हणत, ती एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर सरकवली की कार्डाचे द्वार व इशाऱ्याची तार बदलत असे. यावरचा सर्वमान्य तोडगा असा होता की मदरबोर्डावरचे न वापरलेले ‘कॉम २’ द्वार बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूलभूत मांडणीत, बंद करायचे आणि मोकळ्या झालेल्या त्या जागेवर मोडेमला बसवायचे. हा तोडगा बहुसंख्य यंत्रांना लागू पडत असल्यामुळे तो शेकडो घरांत एकाच पद्धतीने केला गेला, आणि पुढे माउसला स्वतंत्र ‘पीएस/२’ द्वार व बारा क्रमांकाची वेगळी तार मिळाल्यावर त्याची गरजही हळूहळू ओसरली.

याच पिढीतील आणखी एक अडचण जुन्या सीरियल चिपची होती. ८२५० आणि १६४५० या क्रमांकाच्या चिपमध्ये आलेले एकच अक्षर साठवण्याइतकी जागा असे, म्हणजे प्रत्येक अक्षरागणिक प्रोसेसरला इशारा जाई आणि वेग वाढला की प्रोसेसर त्या इशाऱ्यांखालीच दबून जाई. १६५५० मालिकेतील चिपमध्ये सोळा अक्षरांची रांग साठवण्याची सोय आली आणि वेगवान मोडेम घरगुती यंत्राला पेलवू लागले.

विंडोज ९५ ने जंपरची कटकट संपवण्याचे आश्वासन दिले होते. ‘प्लग अँड प्ले’ या योजनेनुसार कार्डांनी आपली ओळख स्वतः सांगायची आणि प्रणालीने त्यांना तारा वाटून द्यायच्या, अशी कल्पना होती. परंतु घरोघरीच्या संगणकांत नवी कार्डे आणि जंपरची जुनी कार्डे शेजारीशेजारी असल्याने वाटप पुष्कळदा चुकत असे, आणि ‘डिव्हाइस मॅनेजर’ या यादीत उपकरणाच्या नावापुढे येणारे पिवळ्या वर्तुळातील उद्गारचिन्ह हे त्या काळातील गृहस्थाला प्रथम परिचित झालेले तांत्रिक निदान ठरले. शिवाय, विंडोज ९५ मध्ये जुन्या सोळा-बिटी कार्यक्रमांसाठी ठेवलेला भाग एका वेळी एकालाच वापरता येत असे, त्यामुळे असा एखादा कार्यक्रम तेथे अडकून पडला की बाकीची प्रणाली आतून जिवंत असूनही पडदा गोठलेला दिसे. नोव्हेंबर १९९८ मध्ये इंटरनेट सेवा खासगी कंपन्यांना खुली झाल्यावर या अडचणीत नवी भर पडली. सेवा पुरवणारा प्रत्येकजण आपापली सीडी आणि आपापला ‘डायलर’, म्हणजे जोडणी लावून देणारा कार्यक्रम, देऊ लागला, आणि एकाच्या डायलरने बदललेल्या फायली दुसऱ्याच्या डायलरला मानवत नसत. प्रणालीतच असलेली ‘डायल-अप नेटवर्किंग’ ही सोय वापरून हाताने जोडणी तयार करावी, असा जाणत्या कारागिरांचा आग्रह असे आणि तो रास्त होता.

दूरध्वनीच्या तारेच्या बाजूचे दोष यांहून वेगळे होते. भारतीय एक्स्चेंजचा डायल टोन अनेक परदेशी मोडेमना ओळखता येत नसे, त्यामुळे मोडेम ताटकळत बसे; अशा वेळी ‘एटीएक्स३’ ही आज्ञा मोडेमच्या सुरुवातीच्या सूचनांत लिहिली की तो टोनची वाट न पाहता क्रमांक फिरवू लागे. ‘एटी’ने सुरू होणाऱ्या या आज्ञा हेज या अमेरिकी कंपनीच्या १९८१ सालच्या मोडेममधून आलेल्या होत्या आणि वीस वर्षांनंतरही जगभरचे मोडेम त्याच समजत असत. जुन्या एक्स्चेंजमध्ये टोनऐवजी ठोके देऊन क्रमांक फिरवावा लागे, तेव्हा आज्ञेतील एक अक्षर बदलून ‘एटीडीटी’चे ‘एटीडीपी’ करावे लागे. कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत पावसाळ्यात ओलसर झालेल्या सांध्यांमुळे तारेवर खरखर वाढत असे, आणि विजांच्या कडकडाटात दूरध्वनीच्या तारेवरून आलेला दाब मोडेम जाळून टाकत असे. पूर्ण जळालेला मोडेम ओळखणे सोपे होते. अर्धवट जळालेला मात्र यादीत व्यवस्थित दिसे, स्वतःचे नावही सांगे, आणि तार उचलण्याची आज्ञा मिळताच सगळ्या संगणकाला घेऊन बसे. वीजवाहिनीवर संरक्षक पट्टी बसवणाऱ्या घरांनीही दूरध्वनीच्या तारेचा विचार क्वचितच केला होता, म्हणून वळवाच्या पावसानंतरचे आठवडे या व्यवसायात धावपळीचे असत.

१९९८ साली ५६ किलोबिट वेगाचे ‘व्ही.९०’ हे मानक ठरले, आणि साधारण त्याच सुमारास बाजारात स्वस्त सॉफ्टवेअर-मोडेमांचा पूर आला. आधीच्या मोडेममध्ये ध्वनीचे रूपांतर करणारी गणिते मोडेमच्या स्वतःच्या चिपमध्ये होत. नव्या मोडेमने ती संगणकाच्या प्रोसेसरवर ढकलली आणि स्वतःपुरता तारेचा जोड तेवढा ठेवला. त्यामुळे किंमत खूप उतरली, पण जोडणी जमवण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात, जेव्हा दोन्ही टोकांचे मोडेम तारेची पारख करत असतात, तेव्हा कमी क्षमतेचा प्रोसेसर आणि बत्तीस एमबी स्मृती असलेला संगणक गणितांनी पार वाकून जाई. तारेवर खरखर असली तर ही पारख पुन्हा पुन्हा होई आणि दर वेळी बाण अडखळे. अशा मोडेमचा सारा जीव त्याच्या ‘ड्रायव्हर’मध्ये, म्हणजे उपकरण आणि प्रणाली यांच्यात दुभाष्याचे काम करणाऱ्या कार्यक्रमात होता. ल्यूसेंट, रॉकवेल, मोटोरोला, पीसीटेल अशा मोजक्या उत्पादकांच्या चिप असंख्य नावांच्या खोक्यांतून विकल्या जात असल्याने खोक्यावरचे नाव निरुपयोगी ठरे, आणि योग्य ड्रायव्हर शोधायचा तर कार्ड उजेडात तिरके धरून चिपवरचे बारीक अंक किंवा अमेरिकी दूरसंचार आयोगाचा नोंदणी क्रमांक वाचावा लागे. तो ड्रायव्हर इंटरनेटवर उपलब्ध असे, पण ज्या यंत्राला तो हवा ते यंत्र इंटरनेटपर्यंत पोहोचूच शकत नसे. या कोंडीमुळे सीडींचा जाडजूड संग्रह ही कारागिराची खरी भांडवली मालमत्ता बनली.

या काळात एक वाईट सवयही रुजली आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. बिघाडाचे कारण शोधण्यास वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे देण्यास गिऱ्हाईक तयार नसते, म्हणून डिस्क पुसून प्रणाली नव्याने बसवणे, अर्थात ‘फॉरमॅट मारणे’, हा सरसकट उपाय झाला. ड्रायव्हरचा गोंधळ किंवा डायलरांचे भांडण असेल तर त्याने गुण येई; परंतु तारांच्या क्रमांकांचा संघर्ष असेल तर चार दिवसांत बिघाड पुन्हा उभा राही, आणि मध्यंतरी घरातील पत्रे, छायाचित्रे व हिशेब मात्र कायमचे गेलेले असत. कारण शोधण्याची जी शिस्त जंपरच्या काळात कमावली गेली होती, तिचे सर्वांत मोठे नुकसान कोणत्याही विषाणूने केले नाही, ते या सवयीने केले.

ऑगस्ट २००३ मध्ये मात्र अशी वेळ आली की संगणकाच्या जुळवणीत कोणताही दोष नसताना तो केवळ जोडला गेल्यामुळे कोसळू लागला. ११ ऑगस्टला पसरू लागलेला ‘ब्लास्टर’ हा किडा, म्हणजे कोणत्याही फायलीवाचून तारेतून स्वतःच शिरणारा उपद्रवी कार्यक्रम, विंडोज २००० व एक्सपी या प्रणालींतील एका उणिवेचा फायदा घेत असे. एक्सपीवर साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवणारी चौकट येऊन यंत्र बंद पडे, तर विंडोज २००० वर यंत्र चालू राहूनही साधी नक्कल-चिकटवणीदेखील होईनाशी होई. या उणिवेवरचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने जुलैमध्येच दिलेले होते आणि ते जेमतेम सव्वा एमबीचे होते, पण डायल-अपच्या वेगाने तेवढे उतरवायलाही चार-पाच मिनिटे लागत आणि किडा त्याआधीच गाठत असे. म्हणून प्रथम आज्ञाचौकटीत ‘शटडाउन -ए’ लिहून मोजणी थांबवायची, मग एक्सपीत असूनही बंद ठेवलेली संरक्षक भिंत, म्हणजे ‘फायरवॉल’, चालू करायची, आणि त्यानंतरच ठिगळ उतरवायचे, असा नवा क्रम कारागिरांनी बसवला. जुने विंडोज ९८ चालवणारी घरे या किड्यातून सहीसलामत सुटली, कारण त्या प्रणालीत ती उणीवच नव्हती. पुढच्या वर्षी ‘सॅसर’ या किड्याने हाच प्रकार पुन्हा घडवला आणि ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या एक्सपीच्या दुसऱ्या ‘सर्व्हिस पॅक’ने, म्हणजे सुधारणांच्या एकत्रित संचाने, फायरवॉल आपोआप चालू ठेवण्यास सुरुवात केली, मात्र त्याचा आकार सुमारे २६६ एमबी असल्याने डायल-अपवर तो उतरवण्यास पंधरा तासांच्या आसपास लागले असते, आणि भारतात तो संगणकविषयक मासिकांसोबतच्या सीडींमधून व दुकानांतून हातोहात पसरला. परवाना नसलेली प्रणाली वापरणारी घरे अशा सुधारणांना घाबरत, त्यामुळे तेथे हे किडे बराच काळ टिकून राहिले.

दुरुस्तीच्या या व्यवसायातून उद्योग घडल्याचे सर्वांत ठळक उदाहरण पुण्याचे आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलाश काटकर यांनी गणकयंत्रे दुरुस्त करण्यापासून सुरुवात करून पुण्यात संगणक दुरुस्तीचे काम उभारले, आणि दुकानात येणाऱ्या विषाणूबाधित यंत्रांवर त्यांचे बंधू संजय काटकर यांनी लिहिलेल्या उपायांतून ‘क्विक हील’ हे विषाणूरोधक उत्पादन आकाराला आले. १९९५ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नावाने नोंदलेल्या त्यांच्या कंपनीने २००७ मध्ये त्या उत्पादनाचेच नाव धारण केले. दुरुस्तीच्या टेबलावर रोज तोच तो बिघाड पाहणाऱ्यांनाच त्यावरचा सर्वसाधारण उपाय सुचू शकला, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ किलोबिट वेग निश्चित केला आणि जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगम व महानगर टेलिफोन निगम यांनी दूरध्वनीच्या त्याच तांब्याच्या तारेवरून एडीएसएल सेवा सुरू केली. नव्या मोडेमला बहुधा दोन द्वारे असत, एक यूएसबीचे आणि एक इथरनेटचे. यूएसबीने जोडणी केल्यास पुन्हा खास ड्रायव्हर लागे आणि जुन्या यंत्रांवर थिजण्याचा जुनाच आजार परत येई. इथरनेटने जोडल्यास संगणकाच्या दृष्टीने मोडेम हा शेजारचा एक दुसरा संगणक ठरे आणि त्याच्या आतल्या कामाचा भार यंत्रावर पडत नसे. स्वस्तातले नेटवर्क कार्ड घ्या आणि यूएसबीची केबल खोक्यातच राहू द्या, हा सल्ला काही महिन्यांतच दुकानोदुकानी ठरून गेला. त्यानंतर तक्रार आली की पेटी उघडण्याआधी मोडेमवरचा ‘डीएसएल’ हा दिवा स्थिर आहे की लुकलुकतो आहे, हे विचारले जाऊ लागले. लुकलुकत असेल तर आवाज आणि माहिती वेगळी करणारा ‘स्प्लिटर’ उलटा लागला आहे का, समांतर जोडलेला दुसरा फोन त्याच्या आधीच तारेला लागला आहे का, हे पाहायचे, आणि दोन्ही ठीक असेल तर काम लाइनमनचे, असा निवाडा होऊ लागला.